टॅली-एक्सेलची जोडणी सारखी तुटते किंवा आकडे चुकतात? तपास या क्रमाने करा

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून एक्सेलच्या शीटमध्ये आणलेली येणी (गिऱ्हाइकांकडून यायची बाकी) काल संध्याकाळपर्यंत नीट दिसत होती. आज सकाळी रिफ्रेश दाबलं आणि ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’ असा बॉक्स आला. किंवा बॉक्स आलाच नाही, पण जुनेच आकडे राहिले. किंवा आकडे नवीन आले, पण टॅलीतल्या आकड्यांशी जुळेनात. लहान-मध्यम ऑफिसांतून ही तक्रार वर्षभर येत राहते. बहुतेक ठिकाणी उपाय एकच केला जातो: टॅली काढून परत टाकायची, नाही जमलं तर मायक्रोसॉफ्ट ऑफिसही काढून परत टाकायचं. त्याने एकदा चालू होतं, काही दिवसांनी पुन्हा तेच, कारण मूळ दोष जागच्या जागी असतो.

हा दोष शोधायला फार वेळ लागत नाही. फक्त टॅलीकडून सुरुवात करून एक्सेलकडे यायचं, उलट नाही. खाली टॅलीप्राइम आणि विंडोज गृहीत धरलं आहे.

आधी एवढं समजून घ्या

टॅलीचा डेटा तिच्या स्वतःच्या पद्धतीच्या फायलींत असतो. त्या फायली एक्सेल, ॲक्सेस किंवा दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर परस्पर उघडून वाचू शकत नाही. टॅली चालू असताना ती कॉम्प्युटरच्या एका पोर्टवर (प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायच्या, क्रमांक दिलेल्या दरवाजावर) मागणीची वाट बघत असते. हा पोर्ट मुळात ९००० असतो. एक्सेल ओडीबीसी (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याचा डेटा मागायची ठरलेली पद्धत) ड्रायव्हरमार्फत, म्हणजे मधल्या दुभाष्यामार्फत, त्या पोर्टवर मागणी पाठवतं आणि टॅली त्या क्षणी उघड्या असलेल्या कंपनीतून उत्तर देते. ही वाट फक्त वाचायची आहे. ओडीबीसीने टॅलीत काही लिहिता येत नाही, त्यासाठी इम्पोर्टचा वेगळा मार्ग आहे, त्याबद्दल पुढे.

म्हणजे रिफ्रेश बरोबर व्हायला सहा गोष्टी लागतात. टॅली चालू हवी, तिच्यात ओडीबीसी चालू हवं, पोर्ट तिलाच मिळालेला हवा, ड्रायव्हर एक्सेलच्या जातीचा (३२ किंवा ६४ बिट) हवा, कंपनी बरोबर हवी आणि कालावधी बरोबर हवा. पहिल्या चारांत गडबड झाली की बहुतेक वेळा मेसेज येतो. शेवटच्या दोनांत गडबड झाली तर काहीच मेसेज येत नाही, चुकीचा आकडा येतो आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. मेसेज आला तर माणूस थांबतो. चुकीच्या आकड्यावर मात्र वसुलीचे फोन होतात, बँकेला स्टॉक स्टेटमेंट जातं. म्हणून या पोस्टमध्ये शेवटच्या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

टॅली ऐकते आहे का?

एक्सेलला हात लावू नका. टॅली उघडा, कंपनी उघडा. मग त्याच कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी इंग्रजीत लोकलहोस्ट, मग कोलन, मग ९००० असं टाइप करा. ‘टॅलीप्राइम सर्व्हर इज रनिंग’ अशी एक ओळ आली तर टॅलीकडची बाजू ठीक आहे, दोष पुढे शोधायचा. पान उघडलंच नाही तर ड्रायव्हर, एक्सेल, क्वेरी (डेटा मागणारी आज्ञा) यांत वेळ घालवू नका.

पान उघडत नसेल तर टॅलीत एफ१ दाबून सेटिंग्ज, त्यात कनेक्टिव्हिटी, त्यात क्लायंट/सर्व्हर कॉन्फिगरेशन उघडा. ‘टॅलीप्राइम ॲक्ट्स ॲज’ समोर ‘बोथ’ हवं, ‘एनेबल ओडीबीसी’ समोर ‘येस’ हवं आणि पोर्ट ९००० हवा. बदल केला असेल तर टॅली पूर्ण बंद करून परत उघडा. सेटिंग बरोबर असूनही एक्सेलच्या यादीत टॅली दिसत नसेल, तर टॅलीच्या आयकॉनवर राइट-क्लिक करून एकदा ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून बघा. ओडीबीसीची नोंद विंडोजमध्ये करायला तो हक्क लागू शकतो.

सकाळच्या तक्रारींचं एक साधं कारण असतं. शीटच्या कनेक्शन प्रॉपर्टीजमध्ये ‘फाइल उघडताना रिफ्रेश करा’ यावर टिक असते. मालक नऊ वाजता एक्सेल उघडतात, दिवाणजी साडेनऊला येऊन टॅली उघडतात. मधल्या अर्ध्या तासात एक्सेलला उत्तर देणारं कुणी नसतं. ती टिक काढा आणि रिफ्रेश हाताने करा. तिथेच ‘बॅकग्राउंड रिफ्रेश’ची टिकही काढा. शीटमध्ये मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप चालणारी आज्ञांची यादी) असेल तर डेटा पूर्ण यायच्या आत मॅक्रो पुढे पळतो आणि अर्धवट यादीवर हिशेब मांडतो.

दोन टॅली, एक पोर्ट

एकाच कॉम्प्युटरवर दोन फर्मचं काम चालत असेल तर हा भाग नीट वाचा.

सांगलीच्या मार्केट यार्डातली एखादी हळद-बेदाण्याची पेढी डोळ्यांसमोर आणा. एक फर्म अडतीची, दुसरी खरेदी-विक्रीची, कधी तिसरी भावाच्या नावाची. कॉम्प्युटर एकच. दिवाणजी एक टॅली उघडतात, त्यात अडतीची फर्म. मग आयकॉनवर परत डबल-क्लिक करून दुसरी टॅली उघडतात, त्यात खरेदी-विक्रीची फर्म. दोन खिडक्या शेजारी ठेवून काम करायला हे सोयीचं पडतं. पण ९००० हा पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. जी टॅली आधी उघडली तिला तो मिळाला, दुसरीला नाही.

आता एक्सेलमधल्या येण्यांच्या शीटने मागणी केली की उत्तर पहिली टॅली देणार, तिच्यात जी फर्म असेल तिचं. सोमवारी अडतीची फर्म आधी उघडली म्हणून शीट बरोबर होती. मंगळवारी दुसरी फर्म आधी उघडली, तर त्याच शीटमध्ये दुसऱ्याच फर्मची येणी आली. रकान्यांची नावं तीच, रचना तीच, कुठेही लाल अक्षर नाही. दोन्ही फर्मची गिऱ्हाइकं बरीचशी सामाईक असतात, म्हणून नावं बघूनही शंका येत नाही.

यावर पक्का उपाय म्हणजे दोन्ही टॅलींना वेगळे पोर्ट द्यायचे. त्यासाठी टॅली दोन वेगळ्या फोल्डरांत हवी, कारण पोर्टची सेटिंग फोल्डरातल्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये राहते. एकीला ९०००, दुसरीला ९००१. मग ओडीबीसीच्या यादीत दोन वेगळी नावं दिसतात आणि नावाच्या शेवटी पोर्टचा आकडा असतो. कुठली शीट कुठल्या नावाला जोडायची हे एकदा ठरवून टाका. एवढं करायचं नसेल तर दोन्ही कंपन्या एकाच टॅलीत उघडा आणि रिफ्रेशच्या आधी हवी ती कंपनी पुढे आणा. उत्तर चालू कंपनीतून येतं.

दोन्हींपैकी काहीही करा, पण शीटच्या पहिल्या ओळीत कंपनीचं नाव क्वेरीतूनच आणा. टॅलीच्या कंपनी टेबलातून नाव घेणारी छोटी क्वेरी वर ठेवली की रिफ्रेशबरोबर तेही बदलतं. हाताने टाइप केलेलं शीर्षक इथे उपयोगाचं नाही, ते नेहमी बरोबरच दिसणार.

रिमोट डेस्कटॉपच्या सर्व्हरवर चार-पाच जण टॅली वापरत असतील तर हाच घोळ माणसागणिक होतो. तिथेही प्रत्येकाला वेगळा पोर्ट द्यावा लागतो. पोर्ट नक्की कुणाकडे आहे हे बघायला विंडोजचं रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्कच्या टॅबमध्ये ‘लिसनिंग पोर्ट्स’ बघा. ९००० समोर टॅलीशिवाय दुसऱ्याच प्रोग्रॅमचं नाव दिसलं, तर टॅलीचा पोर्ट बदलणं सगळ्यात सोपं. मात्र पोर्ट बदलला की एक्सेलमधल्या जुन्या क्वेरी जुनंच नाव शोधत राहतात. त्या नव्या नावाला जोडून घ्यायच्या.

३२ बिट आणि ६४ बिट

‘आर्किटेक्चर मिसमॅच’ असे शब्द असलेला मेसेज आला तर कारण हेच. ६४ बिटच्या एक्सेलला ६४ बिटचाच ड्रायव्हर लागतो, ३२ बिटच्या एक्सेलला ३२ बिटचा. ब्राउझरमध्ये टॅली उत्तर देते पण एक्सेलला सापडत नाही, असं असेल तरी आधी हेच तपासा. ऑफिस २०१९ पासून इन्स्टॉलर आपणहून ६४ बिट टाकतो, त्याआधीच्या आवृत्त्यांत ३२ बिट टाकायचा. म्हणून नवा कॉम्प्युटर घेतला किंवा ऑफिस बदललं की वर्षानुवर्षं चाललेली शीट एकदम बंद पडते.

एक्सेलची जात फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल इथे पहिल्याच ओळीत दिसते. टॅलीची जात टास्क मॅनेजरमध्ये बघा. विंडोज १० मध्ये नावापुढे कंसात ३२ बिट असं दिसलं तर ती ३२ची.

ड्रायव्हर बघायला जाताना एक सांभाळा. विंडोजमध्ये ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटर दोन आहेत आणि दोन्हींच्या फाइलच्या नावात ३२ हाच आकडा आहे. सिस्टिम३२ या फोल्डरात असतो तो ६४ बिटचा आणि सिसवॉव६४ या फोल्डरात असतो तो ३२ बिटचा. नावावरून वाटतं त्याच्या बरोबर उलट. अनेक जण चुकीची खिडकी उघडतात, तिथे टॅलीचं नाव दिसत नाही आणि ड्रायव्हरच नाही असं समजून सगळं परत इन्स्टॉल करत बसतात. फोल्डरात न जाता स्टार्टमध्ये ‘ओडीबीसी’ शोधा. तिथे दोन्ही खिडक्या ६४ आणि ३२ असं स्पष्ट लिहून वेगळ्या दिसतात.

माझं मत विचाराल तर टॅली आणि ऑफिस दोन्ही ६४ बिट ठेवा. एखाद्या जुन्या ॲड-इनमुळे ऑफिस ३२ बिटच ठेवावं लागत असेल, तर त्या एका कॉम्प्युटरवर ड्रायव्हर ३२ बिटचा लागेल हे लक्षात ठेवा. ऑफिसची एकच आवृत्ती दोन्ही जातींत शेजारी-शेजारी ठेवायच्या भानगडीत पडू नका, ऑफिस ते चालू देत नाही.

जोडणी झाली, पण आकडे जुळत नाहीत

यातले बहुतेक दोष टॅलीच्या हिशेबाच्या पद्धतीतून येतात, कॉम्प्युटरच्या बिघाडातून नाही. त्यामुळे कॉम्प्युटरवाला येऊन ‘कनेक्शन ओके’ म्हणून जातो आणि आकडा चुकीचाच राहतो.

पहिलं म्हणजे कालावधी. क्लोजिंग बॅलन्स मागितला की टॅली तो चालू कालावधीच्या शेवटचा देते. गेटवेच्या, म्हणजे टॅलीच्या मुख्य, पानावर ‘करंट पिरियड’ दिसतो तोच. कुणी जुनं वर्ष बघण्यासाठी ऑल्ट आणि एफ२ ने कालावधी मार्चपर्यंतचा केला आणि तसाच सोडला, तर एक्सेलमध्ये मार्चअखेरची येणी येतील. एप्रिल-मे महिन्यांत ही तक्रार हमखास येते, कारण तेव्हा दोन्ही वर्षांत ये-जा चालू असते. रिफ्रेश करताना टॅली गेटवेच्या पानावर आणा, कंपनी आणि कालावधी डोळ्यांनी वाचा, मगच बटण दाबा.

दुसरं म्हणजे ग्रुप. येण्यांची क्वेरी लिहिताना बहुतेक जण ‘पेरंट’ या रकान्यावर ‘सन्ड्री डेटर्स’ (टॅलीतला येणेकऱ्यांचा ग्रुप) अशी गाळणी लावतात. पेरंट म्हणजे खात्याच्या लगेच वरचा ग्रुप, सगळ्यात वरचा नाही. तुम्ही सन्ड्री डेटर्सच्या खाली गावावार ग्रुप केले असतील, एक तासगावचा, एक मिरजेचा, एक कोल्हापूरचा, तर त्यांतल्या खात्यांचा पेरंट तो गावाचा ग्रुप असतो. ती सगळी खाती गाळणीत बाहेर पडतात. शीटमध्ये फक्त जी खाती थेट सन्ड्री डेटर्सखाली आहेत तीच येतात. एखाद्याने आज नवा उपग्रुप केला आणि जुनी खाती त्यात हलवली की उद्या शीटमधली येणी अचानक कमी होतात. वसुली झाली असं वाटतं, प्रत्यक्षात खाती हललेली असतात. यासाठी खात्यांबरोबर ग्रुपचं टेबलही एक्सेलमध्ये आणा आणि प्रत्येक ग्रुपचा वरचा ग्रुप शोधत सन्ड्री डेटर्सपर्यंत जा. गाळणी एक्सेलमध्ये लावा, क्वेरीत नको.

तिसरं म्हणजे चिन्ह. टॅली आतून नावे बाकी वजा धरते आणि जमा बाकी अधिक. म्हणून येणी एक्सेलमध्ये उणे दिसतात. हे बिघडलेलं नाही. पण कुणी सरसकट सगळं अधिक करणारं फंक्शन लावलं तर ज्या गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम जमा आहे, त्याचीही रक्कम येण्यांत मिळते. बरोबर रीत म्हणजे पूर्ण रकाना वजा एकने गुणायचा, मग जमा बाकी आपोआप उणी दिसते.

या तिन्हींवर एकच तपासणी ठेवा. टॅलीत सन्ड्री डेटर्सची ग्रुप समरी उघडा, तिच्यावरचा कालावधी वाचा आणि तिची एकूण रक्कम शीटच्या एकूण रकमेशी पडताळा. एक पैशाचाही फरक असेल तर शीट कुणाला पाठवू नका. ही तपासणी मी कुठल्याच ऑफिसात ऐच्छिक ठेवू देत नाही.

एक्सेल स्वतः बदलतं ते

ओडीबीसीने आलेला डेटा बऱ्यापैकी सुरक्षित असतो. घोळ होतो सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये: बँकेचं स्टेटमेंट, पोर्टलवरून उतरवलेली यादी, दुसऱ्या सॉफ्टवेअरचा एक्स्पोर्ट. सीएसव्हीवर डबल-क्लिक केलं की एक्सेल प्रत्येक रकान्याचा आपल्या मनाने अर्थ लावतं.

हळदीचा एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) ०९१० ने सुरू होतो, बेदाण्याचा ०८०६ ने. सीएसव्ही उघडताच ते ९१० आणि ८०६ होतात. सेव्ह केलं की शून्य कायमचं गेलं. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना ४ आकडी आणि त्यावर ६ आकडी एचएसएन द्यावा लागतो. तीन आकडी कोड पुढे टॅलीत किंवा जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) मध्ये नेलात तर तो अडणारच. शीर्षकाची ओळ बरोबर आहे, रक्कम बरोबर आहे, मग फाइल का नाकारली म्हणून लोक तासन्‌तास शोधत बसतात आणि कारण पुसलेलं शून्य असतं.

ई-वे बिलाचा नंबर १२ आकडी. एक्सेल साध्या रकान्यात तो २.४१ई+११ असा दाखवतं. पडद्यावर एवढं दिसलं तरी आत पूर्ण नंबर असतो, रकाना संख्येच्या स्वरूपात केला की परत दिसतो. पण फाइल तशीच सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर एक्सेल जे दिसतं तेच लिहितं. परत उघडल्यावर शेवटचे नऊ आकडे शून्य झालेले असतात. सोळा आकडी बँक खात्याचं तर उघडतानाच नुकसान होतं, कारण एक्सेल संख्येत पंधराच आकडे सांभाळतं आणि सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतं. बिल नंबर ‘१२/२४’ असा असेल तर त्याची तारीख होते. मालाचा कोड ‘१२ई५’ असा असेल तर तो बारा लाख होतो.

तारखेचं सगळ्यात फसवं. विंडोजचं रीजन अमेरिकेचं राहिलेलं असेल तर ०३-०४-२०२४ म्हणजे ३ एप्रिल न राहता ४ मार्च होतो. १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र महिना म्हणून बसत नाहीत, म्हणून त्या मजकूर म्हणून राहतात. ओळखायची खूण सोपी आहे. रकान्यातल्या काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर उजवीकडच्या बदललेल्या आहेत असं समजा. वर्ष बदलाच्या वेळी हे महागात पडतं, एप्रिलची पावती मागच्या आर्थिक वर्षात जाते. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन ‘इंग्लिश, इंडिया’ करा आणि ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर करा, एकावर करून भागत नाही.

या सगळ्यावर पद्धत एक: सीएसव्हीवर डबल-क्लिक कधीच करायचं नाही. रिकामं एक्सेल उघडून डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, ट्रान्सफॉर्म दाबा आणि एचएसएन, जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी नंबर), बिल नंबर, खाते नंबर, मोबाइल हे रकाने ‘टेक्स्ट’ करा. ‘चेंज्ड टाइप’ नावाची पायरी एक्सेलने आपणहून घातलेली असते, ती आधी काढून टाका, नाहीतर शून्य गेल्यावर तुम्ही मजकूर करत बसाल. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर ऑप्शन्समधल्या डेटाच्या पानावर आपोआप रूपांतराच्या टिका आहेत, त्याही काढा.

आणखी एक, नावं जुळवताना. वेबपानावरून कॉपी केलेल्या नावांत साध्या जागेऐवजी न तुटणारी जागा येते, तिचा क्रमांक १६०. डोळ्यांना फरक दिसत नाही, ‘ट्रिम’ फंक्शन तिला काढत नाही आणि व्हीलुकअप नाव सापडत नाही म्हणतं. ‘सब्स्टिट्यूट’ने कॅरेक्टर १६० च्या जागी साधी जागा घाला, मग ट्रिम लावा.

मराठी नावांचं काय होतं

सीएसव्हीतल्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर मूळ अक्षरं गेली. ती फाइल सोडून द्या, उगमाकडून परत एक्स्पोर्ट घ्या. वेडीवाकडी परकी अक्षरं दिसली तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातो आहे. फाइल परत आणताना ‘फाइल ओरिजिन’ ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, असं निवडा. सेव्ह करतानाही ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा, साधा सीएसव्ही नाही. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली खाती असतील तर यातलं काहीच लागू पडत नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये नसतो, त्याला कन्व्हर्टरनेच बदलावं लागतं.

डेटा पुढे मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठवत असाल तर टेबल यूटीएफ८एमबी४ मध्ये करा, रकमेचा रकाना डेसिमल ठेवा, फ्लोट ठेवू नका. एचएसएन आणि जीएसटीआयएन इथेही मजकूरच. ॲक्सेस वापरणाऱ्यांनी टॅलीची टेबलं लिंक करून ठेवण्याऐवजी रोज एकदा आपल्या टेबलात उतरवून घ्यावीत. लिंक केलेलं टेबल प्रत्येक वेळी टॅलीला विचारतं आणि तेवढा वेळ दिवाणजींची नोंद करणारी खिडकीही अडू शकते.

एक्सेलमधून टॅलीत नेताना

टॅलीप्राइम ४.० पासून एक्सेलची फाइल थेट इम्पोर्ट करता येते, त्याआधी एक्सएमएल (खुणांमध्ये माहिती मांडलेली मजकूर फाइल) करावी लागायची. बिलिंगची अनेक सॉफ्टवेअर अजून एक्सएमएलच पाठवतात. अडतात त्या ठरलेल्या जागा अशा.

खात्याचं नाव टॅलीत नसेल तर ‘लेजर डज नॉट एक्झिस्ट’ येतं. नवीन गिऱ्हाईक बिलिंगमध्ये उघडलं पण टॅलीत नाही, असं रोज होतं. आधी खाती, मग व्हाउचर (व्यवहाराच्या नोंदी), हा क्रम सोडू नका. फर्मच्या नावात & हे चिन्ह असेल तर एक्सएमएल तिथेच मोडते. त्या चिन्हाच्या पुढे इंग्रजीत ए, एम, पी ही अक्षरं आणि मग अर्धविराम लिहावा लागतो. ‘& सन्स’, ‘& कंपनी’ अशी नावं असलेल्याच पार्ट्यांची बिलं जात नाहीत असं दिसलं, तर दुसरं काही शोधू नका. एक्सएमएलमध्ये तारीख वर्ष, महिना, दिवस अशी सलग आठ आकडी हवी, २०२४०४०१ अशी.

‘व्हाउचर टोटल्स डू नॉट मॅच’ हे पैशांच्या फरकाने येतं. ४१,३३३.४० रुपयांच्या मालावर अडीच टक्के सीजीएसटी म्हणजे १,०३३.३३५ आणि एसजीएसटीही तेवढाच. एक्सेल दोन्ही ठिकाणी १,०३३.३४ दाखवतं, पण बेरीज आतल्या आकड्यांची करतं, २,०६६.६७. टॅलीत दोन ओळी १,०३३.३४ च्या गेल्या तर त्यांची बेरीज २,०६६.६८ होते. एका पैशावर व्हाउचर अडलं. प्रत्येक कराच्या ओळीवर ‘राउंड’ लावा आणि बिलाची एकूण रक्कम त्या गोल केलेल्या ओळींवरूनच काढा.

लायसन्स न सापडल्याने टॅली एज्युकेशनल मोडमध्ये (शिकण्यापुरत्या मर्यादित रूपात) उघडली असेल तर ठरावीक तारखांच्याच नोंदी आत जातात, बाकीच्या नाकारल्या जातात. म्हणून काही बिलं गेली, काही नाही, आणि त्यात तारखेशिवाय दुसरा धागा सापडत नाही, असं झालं तर आधी लायसन्स बघा.

इम्पोर्ट अर्धवट झाला की पूर्ण फाइल पुन्हा चढवायचा मोह होतो. तसं करू नका. व्हाउचरला स्वतःची ओळख पटवणारा आयडी फाइलमध्ये नसेल, तर आधी गेलेली बिलं दुसऱ्यांदा जाऊ शकतात, आणि विक्री दुप्पट दिसते. किती नोंदी झाल्या, किती चुकल्या हे टॅली सांगते, चुकांची यादी टॅलीच्या फोल्डरातल्या टॅली.आयएमपी या फाइलमध्ये किंवा नव्या आवृत्तीत पडद्यावरच्या एक्सेप्शन्समध्ये मिळते. चुकलेल्याच ओळी वेगळ्या काढून चढवा. इम्पोर्टच्या आधी बॅकअप घ्या, दर वेळी.

एक्सेल दुसऱ्या कॉम्प्युटरवर असेल तर

बिलिंगचं सॉफ्टवेअर किंवा शीट दुसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर असेल तर तिथे लोकलहोस्टऐवजी टॅलीच्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता लागतो. राउटर तो पत्ता बदलू शकतो. वीज जाऊन आली, राउटर परत चालू झाला आणि जोडणी तुटली, ही तक्रार यातूनच येते. राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. मग विंडोज फायरवॉलमध्ये ९००० पोर्ट फक्त ऑफिसच्या नेटवर्कसाठी उघडा.

हा पोर्ट पासवर्ड विचारत नाही. कंपनी उघडी असताना जो कुणी त्या पोर्टपर्यंत पोहोचतो, तो खाती वाचू शकतो आणि एक्सएमएल पाठवून नोंदही करू शकतो. त्यामुळे घरून काम करायचं म्हणून राउटरवर ९००० बाहेर उघडून देऊ नका, तसं कुणी करून दिलं असेल तर आजच बंद करा. घरून लागत असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी बाहेरून सुरक्षित जोडणी) घ्या. आणि पाहुण्यांना द्यायचं वायफाय ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा. बऱ्याच राउटरांत ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते, नसेल तर यार्डात येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड देणं थांबवा.